कोटेशनमधले सहा शब्द: पहिली वेबसाइट करणाऱ्यांसाठी

आमच्या शेजारच्या काकी उन्हाळ्यात भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलं सुकवतात, त्यांचंच आगळ काढतात, कैरीचं मिसकूट घालतात आणि शुक्रवारी गोव्यातल्या आमच्या डिचोलीहून बस पकडून म्हापशाच्या बाजारात बसतात. मुंबईच्या भाचीने त्यांच्या डोक्यात वेबसाइटचं खूळ घातलं आणि कुणाकडून तरी कोटेशनही मागवलं. कागदावर सहा ओळी: डोमेन, होस्टिंग, एसएसएल, रिस्पॉन्सिव्ह डिझाइन, सीएमएस, एसइओ. खाली एकूण रक्कम. काकी तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, यातलं माझ्या मालकीचं काय आणि भाड्याचं काय, तेवढं सांग."

इतका नेमका प्रश्न मला पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांनीही विचारलेला नाही. म्हणून हे शब्द त्यांच्या प्रश्नाच्या अंगाने सांगतो. शब्द पाठ करण्यात काही अर्थ नाही. एक पान स्वतःच्या हाताने लिहा, म्हणजे निम्मे शब्द आपोआप कळतात. त्यासाठी कॉम्प्युटर, नोटपॅड आणि क्रोमसारखा एखादा ब्राउझर पुरे. पान लिहून पाहण्यापुरतं इंटरनेटही लागत नाही.

एक सूचना. कोडमधले शब्द इथे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाईप करताना ते रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत करायचे. फोनवरून कुणाला सांगायची वेळ आली की मी असंच सांगतो.

आधी पत्ता वाचायला शिका

इंटरनेट आणि वेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटरनेट म्हणजे रस्ता, आणि वेब ही त्या रस्त्यावरून धावणारी एक गाडी. ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप या त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या गाड्या. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सगळ्यांना फुकट वापरायला मोकळी केली, म्हणून आज पान बनवायला कुणाचा परवाना लागत नाही.

आता कुठल्याही साइटचा पत्ता समोर घ्या. सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर (साइटच्या फाइल्स जिथे असतात तो कॉम्प्युटर) यांनी आपसात कसं बोलायचं याचा ठरलेला रिवाज, म्हणजे प्रोटोकॉल. त्यानंतरचं नाव म्हणजे डोमेन. त्याच्या शेवटचं 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन' हे आडनाव समजा, त्याला टीएलडी म्हणतात. 'डॉट इन'चा कारभार निक्सी ही संस्था पाहते. नावापुढे तिरकी रेघ येते आणि तिच्यापुढे असतो त्या साइटमधल्या एखाद्या पानाचा मार्ग. देवनागरीतलं 'डॉट भारत' २०१४ पासून मिळतं. आतून मात्र त्याचं रोमन अक्षरांत रूपांतर होतं. कधी पत्त्याच्या जागी 'एक्स एन' आणि दोन आडव्या रेघा दिसल्या तर घाबरू नका, ते तेच नाव असतं.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही. रजिस्ट्रार नावाच्या कंपनीकडे वर्षाच्या हिशेबाने ते नोंदवायचं असतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. पहिल्या वर्षाचा दर स्वस्त दाखवतात, म्हणून नूतनीकरणाचा दर आधी विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणी कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर झाली आहे ते पाहा.

हे मी पोळून शिकलोय. आमच्या एका मंडळाची साइट गावातल्याच एका हुशार मुलाने केली होती. डोमेन त्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलं, तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. पुढे तो बोटीवर कामाला गेला. नूतनीकरणाच्या आठवणी त्याच्या इनबॉक्समध्ये पडत राहिल्या आणि तो भर समुद्रात. मुदत संपली, नाव सुटलं, तिसऱ्याच कुणीतरी ते उचललं. जत्रेच्या पत्रिकेवर छापलेला पत्ता उघडला की जुगाराच्या जाहिराती यायच्या. पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्या मुलाचा काही दोष नव्हता, पण तेव्हापासून डोमेन मालकाच्याच ईमेलवर घ्यायला लावल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. काकींच्या कागदावरच्या पहिल्या ओळीपुढे मी लिहिलं: 'तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, पासवर्ड तुमच्या वहीत.'

कॉम्प्युटर एकमेकांना नावाने नाही, आकड्याने ओळखतात. त्या आकड्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. नावावरून आकडा शोधून देते ती डीएनएस, १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आखलेली व्यवस्था. आपल्याकडे घर क्रमांकाने कोण शोधतो? तिठ्यावरच्या गाड्यावर विचारायचं, "अमक्याचं घर खंय?" तो हात करून दाखवतो. डीएनएस म्हणजे तो गाडेवाला. बिऱ्हाड बदललं तर त्याला कळेपर्यंत तो जुन्याच घराकडे पाठवणार. म्हणूनच साइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवली की काही तास, क्वचित दोन दिवससुद्धा, कुणाला नवी दिसते तर कुणाला जुनी.

जागा आणि कुलूप

होस्टिंग म्हणजे तुमच्या फाइल्स ठेवायला भाड्याने घेतलेली जागा. ती जागा ज्या कॉम्प्युटरवर असते तो सर्व्हर. डोमेन एकाकडे आणि होस्टिंग दुसऱ्याकडे असायला काहीच हरकत नाही. मला तर तेच बरं वाटतं, एकाशी बिनसलं तर सगळं अडकत नाही. चारपाच पानांच्या साध्या साइटला, जिला स्टॅटिक साइट म्हणतात, गिटहब पेजेससारख्या ठिकाणी फुकट जागा मिळते.

एसएसएल (खरं तर आजचं तंत्र टीएलएस, पण जुनं नाव तोंडी राहिलं) म्हणजे तुमचा फोन आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून केलेलं कुलूप. ते नसेल तर क्रोम जुलै २०१८ पासून पत्त्याशेजारी साइट सुरक्षित नसल्याचा शेरा मारतं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. कुलूप वाटेला असतं, दुकानदाराच्या प्रामाणिकपणाची ते ग्वाही देत नाही, लबाडाच्या साइटलाही ते असतं. आणि या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं, बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप बसवतातही. काकींच्या कोटेशनमध्ये त्याची वेगळी रक्कम होती. ती ओळ मी खोडली.

आता पान लिहा

नोटपॅड उघडा. पानाची रचना सांगणारी भाषा म्हणजे एचटीएमएल. तिच्यात आपण मजकुराला सांगतो की तू मथळा, तू परिच्छेद, तू चित्र. ही ओळख ज्या खुणेने करून देतो ती टॅग. उघडणारा टॅग, मजकूर आणि तिरकी रेघ असलेला बंद करणारा टॅग, असं तिन्ही मिळून एलिमेंट होतं:

<एच१>काकींची सोलं</एच१>
<पी>यंदाच्या भिरंडांची, उन्हात सुकवलेली.</पी>

'एच१' हा सगळ्यात मोठा मथळा, तिथून 'एच६'पर्यंत उतरत जातात. मथळ्याची पातळी मजकुराच्या महत्त्वावरून ठरवा. नवशिके अक्षर लहान हवं म्हणून सरळ एच४ घेतात. आकाराचं काम सीएसएसचं, तिकडे आपण येऊच. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर अंध माणसाला मथळ्यांवरूनच पानात फिरवतं, आणि मधली पातळी गळली की त्याची वाट चुकते.

टॅगच्या आत लिहिलेली जादा माहिती म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट. 'ए' टॅगला 'एचरेफ' दिलं की लिंक झाली. चित्राच्या 'आयएमजी' टॅगला 'एसआरसी'मध्ये फाइलचं नाव आणि 'ऑल्ट'मध्ये चित्राचं वर्णन द्यायचं. चित्र उघडलं नाही किंवा दिसत नसलेल्या माणसाने पान उघडलं तर तेच वर्णन कामी येतं. तिथे 'फोटो १' लिहू नका, 'सुपात पसरलेली कोकमाची सोलं' असं लिहा.

पानाचे दोन भाग असतात. 'बॉडी'मध्ये दिसणारा मजकूर, 'हेड'मध्ये ब्राउझरला सांगायच्या गोष्टी. मराठी पानासाठी पुढच्या तीन गोष्टी विसरू नका.

पहिली, 'मेटा' टॅगमध्ये 'कॅरसेट' यूटीएफ-८. हे नसेल तर तुमचं मराठी टोप्या आणि टिंबं घातलेल्या युरोपी अक्षरांच्या कचऱ्यात बदलण्याचा धोका असतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला आपापला क्रमांक आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक क्रमांक तीन बाइट घेतो. 'काकी' शब्दात क, काना, क, वेलांटी असे चार क्रमांक, म्हणजे बारा बाइट. ब्राउझरने ते एकेक सुटे वाचले की चार चिन्हांऐवजी बारा कचरा-चिन्हं उमटतात. आपल्याकडच्या जुन्या डीटीपीतला मजकूर हा याहून वेगळा घोळ आहे. तिथे फॉन्टच नुसतं सोंग घेत होता, आतली अक्षरं रोमनच. तो मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो. आणल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासा.

दुसरी, 'एचटीएमएल' टॅगमध्ये 'लँग'ची किंमत 'एमआर', म्हणजे मराठी. हे करून पाहण्यासारखं आहे. काही देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श यांची हिंदी व मराठी अशी दोन्ही वळणं असतात, आणि 'लँग' मराठी केलं की त्या फॉन्टमधला ल आपल्या बालभारतीतल्या वळणाचा होतो. गोव्यात आणखी एक गंमत असते: एकाच पानावर आरती मराठीत आणि सूचना कोंकणीत, लिपी दोन्हींची देवनागरी. कोंकणी परिच्छेदाला 'केओके' असा वेगळा 'लँग' द्या, म्हणजे मशीन दोन्ही भाषांना एकाच मापाने मोजणार नाही.

तिसरी, 'टायटल'. हे पानावर दिसत नाही, ब्राउझरच्या टॅबवर दिसतं, आणि गुगलच्या निकालात निळ्या ओळीत बहुधा हेच येतं. तिथे 'होम' लिहिलेल्या साइट मी रोज पाहतो. 'डिचोलीची कोकम सोलं, आगळ आणि मिसकूट' असं लिहिलं की एसइओचं पहिलं काम झालंच. एसइओ म्हणजे शोधणाऱ्याला तुमचं पान सापडावं यासाठी केलेली मशागत. नेमका टायटल, नीट मथळे, पटकन उघडणारं पान, खरी माहिती, एवढ्यात निम्मं काम होतं. 'गुगलवर पहिला नंबर हमखास' असं कुणी लिहून देत असेल तर कागद परत करा. तशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गुगलच सांगतं.

फाइल सेव्ह करताना नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल', प्रकार 'ऑल फाइल्स' आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. 'ऑल फाइल्स' विसरलात तर नावाला मागून 'डॉट टीएक्सटी' चिकटू शकतं आणि मग पान उघडण्याऐवजी नोटपॅडच उघडतं. फाइलवर दोनदा क्लिक करा. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं दिसली की पान झालं. काकींना ते बघून वाटलं काहीतरी बिघडलं.

रूप: सीएसएस आणि गडगा

एचटीएमएल म्हणजे घराच्या भिंती, सीएसएस म्हणजे रंगरंगोटी आणि कुठली वस्तू कुठे ठेवायची ते. होकॉन विउम ली यांनी १९९४ मध्ये ही कल्पना मांडली, पहिली अधिकृत आवृत्ती १९९६ ची. नियम असा लिहितात: कुणाला (सिलेक्टर), काय (प्रॉपर्टी), किती (व्हॅल्यू). सगळ्या एच१ना आगळाचा रंग हवा असेल तर कलर म्हणून आरजीबी(१२२, १६, ५०). लाल, हिरवा, निळा, प्रत्येक ० ते २५५, असे एकूण १,६७,७७,२१६ रंग होतात. दोनतीन वापरा, बाकीचे राहू द्या. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उठाव, म्हणजे कॉन्ट्रास्ट, साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ असावा असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. पांढऱ्यावर फिक्कट करडं अक्षर ऑफिसात सुरेख दिसतं, बाजारात भर उन्हात फोन धरला की दिसतच नाही.

नवशिक्यांना खरी अडचण येते ती बॉक्स मॉडेलची. पानावरचा प्रत्येक एलिमेंट ही एक चौकट असते आणि तिचे आतून बाहेर चार थर: कंटेंट, पॅडिंग, बॉर्डर, मार्जिन. आपल्या घरावरून समजून घ्या. कंटेंट म्हणजे घर. पॅडिंग म्हणजे अंगण. बॉर्डर म्हणजे भोवतीचा चिऱ्यांचा गडगा. मार्जिन म्हणजे गडग्याबाहेर शेजाऱ्यापर्यंत सोडलेली जागा. अंगण तुमचं, म्हणून चौकटीला दिलेला पार्श्वभूमीचा रंग पॅडिंगलाही लागतो. मार्जिनला लागत नाही, गडग्याबाहेरची पाणंद कोण सारवतो? आणि वर-खाली लागून असलेल्या दोन परिच्छेदांची मार्जिनं एरवी बेरजेने मोजली जात नाहीत. एकाने २० सोडली, दुसऱ्याने ३०, तर मधली जागा ३०. पन्नास का नाही म्हणून मी पहिल्यांदा एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

आता हिशेब पाहा. रुंदी ३०० पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके), पॅडिंग दोन्ही बाजूंना २०, बॉर्डर दोन्ही बाजूंना ५. चौकट ३०० ची होत नाही, ३५० ची होते. बाहेर १०-१० मार्जिन धरलं की ३७०. फोन जर ३६० रुंदीचा असेल तर पान आडवं सरकायला लागतं. उपाय एका ओळीचा: 'बॉक्स-सायझिंग'ला 'बॉर्डर-बॉक्स'. मग रुंदी गडग्यापासून गडग्यापर्यंत मोजतात.

देवनागरीसाठी दोन गोष्टी, ज्या इंग्रजी धड्यांत सापडत नाहीत. 'लाइन-हाइट' १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आणि 'लेटर-स्पेसिंग'ला हात लावू नका, त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात.

फोनवर कसं दिसतं

काकींचं गिऱ्हाईक पान फोनवरच उघडणार. पडद्याच्या मापाप्रमाणे मांडणी बदलणारं डिझाइन म्हणजे रिस्पॉन्सिव्ह डिझाइन. हे नाव ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये दिलं. रुंदी पिक्सेलऐवजी टक्क्यांत द्या, चित्रांना 'मॅक्स-विड्थ' १०० टक्के द्या, आणि 'मीडिया क्वेरी'ने सांगा की ६०० पिक्सेलच्या आत शेजारी-शेजारी असलेले दोन रकाने एकाखाली एक यावेत. हेडमध्ये 'व्ह्यूपोर्ट'चा मेटा टॅग हवाच. नसेल तर फोन स्वतःला कॉम्प्युटर समजून सगळं पान मुंगीएवढं करतो. आज कोटेशनमधली रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची ओळ वेगळे पैसे मागण्यासारखी राहिलेली नाही, ती कामातच यायला हवी. तपासायला कॉम्प्युटरवर एफ१२ दाबा. उघडतात ती डेव्हलपर टूल्स, त्यात फोनचं माप घेऊन बघता येतं.

फोटोंवर थोडं थांबतो, कारण पान जड होतं ते इथेच. काकींच्या भाचीने पाठवलेला सोलांचा फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा, म्हणजे सव्वा कोटीला थोडा कमी, आणि चार एमबीचा. असे बारा घातले की ४८ एमबी. पावसात रेंज एक कांडीवर आलेल्या माणसाने ते उघडेपर्यंत सोलं भिजतील. रुंदी १२०० वर आणा, जेपीजी किंवा वेबपीमध्ये ८० च्या आसपास क्वालिटी ठेवून सेव्ह करा. तोच फोटो दोनशे केबीच्या घरात आला आणि डोळ्याला फरक दिसला नाही. लोगोसारख्या सपाट रंगांच्या चित्राला मात्र पीएनजी किंवा एसव्हीजी.

उरलेले शब्द, झटपट

जावास्क्रिप्ट म्हणजे पानाला हालचाल देणारी भाषा, १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला अवतार दहा दिवसांत लिहिला. जावा या दुसऱ्या भाषेशी तिचं नावापलीकडे नातं नाही. ब्राउझरमध्ये चालतं ते फ्रंट-एंड, सर्व्हरवर चालतं ते बॅक-एंड, माहिती साठते ती डेटाबेसमध्ये. कोड न लिहिता मजकूर बदलता यावा म्हणून बसवतात ती सीएमएस, उदाहरणार्थ २००३ पासूनचं वर्डप्रेस. सॉफ्टवेअर फुकट आहे, पैसे बसवण्याचे आणि राखण्याचे. ते वेळच्या वेळी अपडेट केलं नाही तर साइट हॅक होऊ शकते. वर्षातून दोनदा भाव बदलणाऱ्या काकींना त्याची गरज नव्हती. ऑर्डर घ्यायला फॉर्मही नको: 'डब्ल्यूए डॉट एमई', तिरकी रेघ आणि आधी ९१ लावलेला नंबर, अशी लिंक दिली की थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडतं.

साइट उघडली नाही तर संदेश वाचा, नुसतं 'बंद आहे' म्हणून फोन करू नका. सर्व्हर सापडतच नाही असं आलं तर आपलं इंटरनेट नीट आहे ना ते बघून डोमेन आणि डीएनएस तपासा. ४०४ आलं तर घर सापडलं, खोली नाही; बहुधा फाइलचं नाव चुकलंय. ५०० आलं तर सर्व्हरवरच्या कोडमध्ये किंवा सेटिंगमध्ये गडबड आहे.

वर चढवणं

फाइल्स होस्टिंगवर चढवायच्या म्हणजे अपलोड करायच्या. बहुतेक ठिकाणी त्यासाठी 'पब्लिक एचटीएमएल' नावाचा फोल्डर असतो. त्यात 'इंडेक्स' ठेवलं की पत्ता उघडल्यावर आधी तेच पान येतं. त्याच फाइल्सची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. काकींनी ती चहापावडरच्या डब्यात ठेवली.

पान चढल्याच्या दुसऱ्या दिवशी काकींनी चूक पकडली, अर्ध्या लिटर आगळाचा भाव वीस रुपयांनी कमी पडला होता. मी शेजारी बसलो, त्यांनी स्वतः नोटपॅडमध्ये आकडा शोधला, बदलला, फाइल पुन्हा चढवली. कॉम्प्युटरवर नवा भाव आला. त्यांच्या फोनवर जुनाच. ब्राउझर एकदा आणलेलं पान स्वतःजवळ ठेवून देतो, पुन्हा पुन्हा आणावं लागू नये म्हणून. त्या साठ्याला कॅशे म्हणतात. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबलं की ब्राउझर साठा बाजूला ठेवून ताजं पान आणतो. फोनवर पान रिफ्रेश करायचं, नाहीतर इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघायचं.

"म्हणजे मुंबईला भाचीला अजून जुनाच भाव दिसत असणार?" काकींनी विचारलं.

"असेल थोडा वेळ."

"तिने काल दोन बाटल्या सांगितल्यात." त्यांनी फोन पदराला पुसला. "जाऊ दे, तिला जुन्याच भावाने देते."